मलपृष्ठावर नसलेली गोष्ट

१

दर गुरुवारी सकाळी नव्या पुस्तकांचे गठ्ठे यायचे आणि दर गुरुवारी मालक सुतळी कापायला कात्री शोधायचे. ती त्यांच्याच खिशात असायची. कात्री सापडली की गठ्ठे सुटत, कोऱ्या कागदाचा नि डिंकाचा वास दुकानभर पसरे, कादंबऱ्या एकीकडे आणि कथासंग्रह दुसरीकडे लागत. मग चिठ्ठीवालीचं काम सुरू होई.

तिला दुकानात सगळे चिठ्ठीवालीच म्हणत. प्रत्येक नव्या पुस्तकात तळहाताएवढी पिवळी चिठ्ठी खोचायची आणि तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चार-पाच ओळी लिहायच्या: हे कोणी वाचावं, का वाचावं. दुकानात येणाऱ्या पट्टीच्या वाचकांना मालक ‘भस्म्या झालेली मंडळी’ म्हणत. आठवड्याला तीन कादंबऱ्या फस्त करणारी ही मंडळी मुखपृष्ठाकडे बघत नसत. लेखकाचं नावही नंतर. आधी चिठ्ठी ओढून काढत.

चिठ्ठीचा नियम एकच होता. मलपृष्ठावर छापलेली नाही अशी एक तरी गोष्ट तीत हवी.

“मलपृष्ठ वाचून शिफारस करणं म्हणजे मेनूकार्ड वाचून ढेकर देणं,” मालक म्हणायचे. “आतली एक गोष्ट लिहा. एकच पुरे. गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे की ही बाई आत जाऊन आलीय.”

लग्नाआधी ती खरोखर आत जाऊन यायची. लग्नाला आता पाच महिने झाले होते. सासरी कोणी वाचू नको म्हणालं नव्हतं. उलट सासूबाईच दिवसाला शंभर पानांच्या खाली उतरत नसत. पण त्या घरात बसायच्या जागा मोजून सात होत्या आणि सातही जागांवर कोणाचा ना कोणाचा खड्डा आधीच पडलेला होता. खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंची, सोफ्याचं टोक नवऱ्याचं, उरलेल्या जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. ती पुस्तक हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायची. कोणी “काय हवंय गं?” विचारलं की “काही नाही” म्हणून कपबशा पुसायला घ्यायची. पाच महिन्यांत त्या घरातल्या कपबशा इतक्या लखलखीत झाल्या होत्या की सासूबाईंना त्यांचं कौतुकही वाटेना आणि कारणही कळेना.

त्या गुरुवारी एक बारकासा राखाडी कथासंग्रह आला. नवा लेखक, सहा कथा. मालकांनी तो आगाऊ तिच्याकडे दिलेला होता आणि तिची त्यातली दीड कथा बसमध्ये वाचून झाली होती. काउंटरपाशी चार जण चिठ्ठ्यांची वाट बघत उभे. तिने मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून फिरवून चार ओळी केल्या. पाचवी ओळ उरली. आतली गोष्ट.

पेन थांबलं नाही, हेच तिला नंतर आठवत राहिलं. ‘शेवटच्या कथेतली बाई भेटायला येते आणि जिन्याच्या वळणावर थांबते,’ तिने लिहिलं. ‘वर येत नाही, खालीही जात नाही. ती काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.’

अक्षर नेहमीसारखं टपोरं आलं. तिने पेनाला टोपण लावलं आणि कान गरम झाले. खोटी चिठ्ठी लिहिल्याची लाज होतीच. पण त्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि त्याची लाज त्याहून मोठी होती.

२

त्याच्या आदल्या रविवारची दुपार. नवऱ्याची आत्या आणि तिच्या दोन मुली नवी सून बघायला आल्या होत्या. सासूबाई आतल्या खोलीत फोटो शोधत होत्या, नवरा त्यांना शिडी धरून देत होता. बाहेरच्या खोलीत ती एकटी तिघींच्या तावडीत सापडली.

“माहेरी कोण कोण गं तुझ्या?”

“मावशी. तिनेच वाढवलं मला.”

“काय करते मावशी?”

“हॉस्पिटलमध्ये असते.”

“अय्या! डॉक्टर?”

ती हसली. हसणं म्हणजे उत्तर नव्हे, पण चालून जातं. आत्याने मुलींकडे बघून भुवया उंचावल्या, धाकटीने पाय खाली घेतले, आणि गोष्ट पक्की झाली.

मावशी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. सत्तावीस वर्षं चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. सासूबाईंना हे माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. नोंदणी कचेरीत लग्न लागलं तेव्हा सासूबाईंनी मावशीचे वाफेने सोललेले हात हातात घेऊन “पोरीला छान घडवलंत हो,” असं म्हटलं होतं. म्हणजे या घरात कोणीही तिला काही म्हणणार नव्हतं. लपवायला सांगितलं नव्हतं कोणी. हे तिचं तिनेच केलं.

ती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. त्या स्वयंपाकघराला जिन्याकडे उघडणारी जाळीची खिडकी होती. तिने सहज बघितलं, तर वळणावर मावशी उभी. न कळवता आलेली, कामाची पाळी संपवून थेट. अंगात धुलाईखान्याचा निळा डगला, खिशावर शिवलेला चौदा नंबर, हातात कापडी पिशवी. दम लागला होता म्हणून कठडा धरला होता.

मावशीने वर पाहिलं. जाळीतूनही ओळखलं. हसली.

बाहेरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला, “डॉक्टर मावशीला एकदा बोलाव हं आमच्याकडे!”

तिने तळहात वर केला. थांब.

मावशीने मान हलवली. समजूतदारपणे, अगदी लगेच. जणू अशा खुणेची तिला सवय होती.

तिने चार पेल्यांत पाणी ओतलं, चारही पेल्यांत पाण्याची पातळी सारखी येईल असं. आणि ते घेऊन बाहेर गेली. पाहुण्या आणखी दीड तास बसल्या. निघाल्या तेव्हा ती दाराआड उभी राहून कानोसा घेत होती. चपलांचे आवाज वळणापर्यंत गेले, वळले, उतरले. कोणी कोणाला भेटल्याचा आवाज नाही. तिने जाळीतून डोकावलं. वळण रिकामं.

गेली असेल. माणूस तरी किती वेळ थांबणार?

त्या दिवशी तिने भीतीने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी लाजेने. तिसऱ्या दिवसापासून, तीन दिवस फोन केला नाही याची लाज. मावशीचाही आला नाही. बरोबरच होतं ते, असं ती स्वतःला सांगत राहिली.

३

चिठ्ठी खोचली त्याला आठवडा झाला आणि भूमितीचे मास्तर आले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली, तरी अजून हाताला खडू लागल्यासारखे बोटं झटकत बोलायचे. एका वेळी पाच पुस्तकं वाचायचे, पाचही खोल्यांत एकेक.

“चिठ्ठीवाल्या बाई, तुमच्या तोंडात साखर पडो! वर्षभरात इतकी नेटकी कथा वाचली नव्हती.”

“कुठली हो?”

“कुठली काय विचारता? राखाडी पुस्तकातली. सातवी.”

“सातवी,” ती म्हणाली. प्रश्न विचारायचा होता, पण आवाज होकाराचा निघाला. चिठ्ठी लिहिणारीने ‘ही कुठली कथा?’ विचारायचं कसं?

“तो जिना काय उभा केलाय! खाली अकरा पायऱ्या, वळण, वर सात. मी कागदावर काढून पाहिला, चोख बसतो. कठडा डावीकडे. वर स्वयंपाकघराची जाळी, तिच्यातून फक्त वळण दिसतं, खालचं काही दिसत नाही. लेखकाला भूमिती येते, बाई.” मास्तरांनी बोटं झटकली. “एकच खटकलं. वरची मुलगी हाताने थांब म्हणते. का म्हणते ते लेखक सांगत नाही. तुमचं काय मत?”

“कदाचित… तिचं तिलाच माहीत नसेल.”

“छे छे. तिला सगळं माहीत आहे. म्हणून तर वाईट.”

ते गेल्यावर तिने फळीवरून राखाडी पुस्तक काढलं. अनुक्रमणिकेत कथा सहा. सहावी दोन भावांची, होडी विकण्यावरून भांडणाऱ्या. ती एकशे अठराव्या पानावर संपत होती. पुढे दोन कोरी पानं, छापखाना सोडतो तशी, आणि मग मलपृष्ठ.

मास्तरांचं वय झालंय. पाच पुस्तकांची खिचडी झाली. आणि चिठ्ठीत जिना होता, तोच डोक्यात शिरला असेल. वर्गात नाही का, मास्तरांनी एक रेघ काढली की पुढचा त्रिकोण मुलंच पुरा करतात. तिने हे सगळं पुरतं जुळवलं आणि बरं वाटून घेतलं.

संध्याकाळी घरी जाताना मात्र तिने पायऱ्या मोजल्या. आजवर कधी मोजल्या नव्हत्या. अकरा. वळण. सात.

हाताने खूण केली हे चिठ्ठीत नव्हतं. हे तिला दाराची किल्ली फिरवताना लक्षात आलं.

४

पुढच्या गुरुवारी दातांची डॉक्टरीण आली. हिचं वाचन दोन पेशंटांच्या मधल्या फटीत चालायचं आणि मत देताना ती दात उपटल्यासारखं देई.

“काय गं बाई, असली पुस्तकं देतेस? भूल उतरल्यावर कसं होतं, तसं झालंय मला.”

“आवडलं नाही का?”

“आवडायचं काय त्यात? ती वरची भवानी! समोर असती तर दोन ठेवून दिल्या असत्या. बरं, बाई काय मागायला आली होती का? दोन दिवस राहायला आली होती बिचारी. पिशवीत रात्रीचा गाऊन, दात घासायचा ब्रश, आणि भेट म्हणून चार अभ्रे. नवे घ्यायला परवडत नाहीत म्हणून हॉस्पिटलने काढून टाकलेले घेऊन आलेली. पण त्यांच्यावरचा हॉस्पिटलचा शिक्का कसा काढलाय? सुईने, एकेक धागा उसवून. आठ रात्री बसून. का, तर पोरीला सासरी कमीपणा नको.”

चिठ्ठीवालीने काउंटरची कड धरली. पिशवीत काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“तुमची प्रत आहे का जवळ?” ती कशीबशी म्हणाली. “मला एक वाक्य… पुन्हा बघायचं होतं.”

“आहे की.” डॉक्टरणीने पर्समधून राखाडी पुस्तक काढलं, शेवटाकडे उघडलं. “कुठलं? ती पायरीवर बसते ते? थांब हं, शोधून देते.”

चिठ्ठीवाली काउंटरवरून वाकली. उघडलेली दोन्ही पानं कोरी होती.

डॉक्टरणीची नजर त्या कोऱ्या कागदावर डावीकडून उजवीकडे सरकत होती. कडेला पोचली की उडी मारून डावीकडे येत होती. ओठ थोडेसे हलत होते. अर्ध्या पानावर एकदा ती थबकली, मागे गेली, कळलं नसल्यासारखी तीच ओळ पुन्हा वाचली, आणि अंगठा ओला करून पान उलटलं. पुढच्या बाजूलाही काही नव्हतं.

“हे बघ,” डॉक्टरीण बोट ठेवून म्हणाली. “‘आत हसण्याचा आवाज झाला तेव्हा तीही हसली. कशाला हसताहेत ते कळलं नव्हतं, पण पोरगी आनंदात आहे एवढं कळलं.’ सांग मला, हे वाचून माणसाने दुपारचे पेशंट कसे बघायचे?”

५

चिठ्ठी परत घ्यायची असं तिने ठरवलं. मालकांना सांगायचं: मी न वाचता लिहिलं.

मालक माळ्यावरून पुस्तकं उतरवत होते. “दुसरी खेप मागवली राखाडीची,” ते वरूनच ओरडले. “लोक वेडे झालेत! महिन्याच्या यादीत तुमची चिठ्ठी जशीच्या तशी छापतोय, पहिल्या पानावर.”

“मालक, त्या चिठ्ठीबद्दलच…”

“मी अजून वाचलेलं नाही हं, रागावू नका. पण मला गरज काय? तुम्ही आत जाऊन आलात, बस्स. तुमचा शब्द आहे.”

तिने शिडी धरली. एवढंच केलं. त्यांचा पाय शेवटच्या पायरीवरून जमिनीवर टेकेपर्यंत शिडी धरून उभी राहिली आणि मग म्हणाली, “चहा टाकू का?”

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात उभं राहून तिने मावशीला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंद. मग धुलाईखान्याचा नंबर. मागे यंत्रांचा घरघराट, मध्येच वाफ सुटल्याचा फुत्कार. मुकादम बाई ओरडूनच बोलत होत्या.

“कोण? चौदा नंबर? नाहीये ती!”

“कधी येईल?”

“आता काय सांगू? दोन दिवसांची रजा टाकून भाचीकडे गेली, तीन आठवडे होत आले. इथं चादरींचे डोंगर झालेत!” मग आवाज जरा मवाळ झाला. “असू दे म्हणा. पोरगी मोठ्या घरात पडलीय, आग्रह करून ठेवून घेतलं असेल. आमच्या नशिबी कुठलं? तुम्ही कोण बोलताय?”

यंत्र घरघरत होतं. खोक्यांवर छापलेले बाण सगळे वरच्या दिशेने होते.

“मी दुकानातून बोलतेय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. हेही तिने केलं.

मावशीच्या खोलीवर जाऊन बघणं, पोलिसांत सांगणं, नवऱ्याला सांगणं, हे सगळं करता येण्यासारखं होतं, आणि तिने त्याची मनातल्या मनात यादीही केली. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच येणार होता: तुम्ही त्यांना शेवटचं कुठे पाहिलंत?

६

रविवारी दुपारी नवरा अंडी आणायला खाली गेला होता. ती कपबशा पुसत होती. खिडकीच्या खुर्चीतून सासूबाईंनी हाक मारली.

“अगं, इकडे ये जरा.”

त्यांच्या मांडीवर राखाडी पुस्तक होतं. चष्मा कपाळावर, डोळे पुसलेले.

“याने काल आणून दिलं. म्हणाला, हिची चिठ्ठी आहे आत, आई, तुला आवडेल.” सासूबाईंनी पिवळी चिठ्ठी खूण म्हणून पानांत घातली होती. शेवटाच्या अगदी जवळ. “मी कधी असं करत नाही, पण दोनच पानं राहिलीत आणि माझ्याने धीर धरवत नाही. तू वाचलंयस. मला आधी सांग, बोलावते का गं ती पोरगी तिला वर? बोलावत नसेल तर मी पुढे वाचत नाही. माझी तब्येत नाही तेवढी.”

बोलावते, म्हणून सांगता आलं असतं. सासूबाईंनी निश्चिंत होऊन पान उलटलं असतं. मग त्यांना काय दिसलं असतं?

“आई,” ती म्हणाली. “मी वाचलेलं नाही.”

“म्हणजे?”

“एकही… म्हणजे दीडच कथा. ती चिठ्ठी मनाने लिहिली. ती कथा त्या पुस्तकात नाही.”

“नाही कशी? मी काय शेंगा सोलतेय सकाळपासून?” सासूबाई हसल्या, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. “काय झालं गं?”

“ती माझी मावशी आहे. आत्या आल्या होत्या त्या दिवशी… मी त्यांना मावशी डॉक्टर आहे असं वाटू दिलं. आणि मावशी आली. मी तिला जिन्यात थांबवलं आणि…” तिने हातातल्या फडक्याची घडी घातली. “आणि गेलेच नाही.”



सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. ज्या नजरेने त्या लखलखीत कपबशांकडे बघत, काय म्हणावं हे न कळून, त्याच नजरेने.

“त्यांचे हात बघितले होते मी,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुला काय वाटलं, मला लाज वाटली असती?”

“नाही. मला माहीत होतं, नाही वाटणार.”

“मग?”

मास्तर म्हणाले होते ते खरं होतं.

“अगं मग उभी काय राहिलीस?” सासूबाईंचा आवाज फाटला. “दार उघड की!”

तीन आठवड्यांनी कोण जिन्यात असणार, हे सासूबाईंच्या मनातही आलं नाही. हे तिच्या मात्र मनात आलं, आणि तरीही तिने दार उघडलं. मागे पान उलटल्याचा आवाज झाला.

“अय्या,” सासूबाई खोलीतून म्हणाल्या. “पुढे कोरंच आहे गं हे.”

७

भर दुपार होती. जिन्याच्या वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं पडलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. भीती वाटावी असं काहीही नव्हतं. फक्त इस्त्रीखाली ओला कपडा गेला की येतो तसा वास होता, गरम, स्वच्छ. लहानपणी शाळेतून घरी आल्यावर मावशीच्या कुशीत यायचा तो.

एक पायरी. दोन.

चौथ्या पायरीवरून निळ्या डगल्याची बाही दिसली. पाचवीवरून गुडघा, आणि गुडघ्यावर एकमेकांत घातलेले दोन हात. कातडी वाफेने पांढरी पडून सोललेली. वळणाच्या वरच्या बाजूला, भिंतीशी अंग चोरून कोणीतरी बसलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होऊ नये अशा बेताने. चेहरा भिंतीच्या कोपऱ्याआड होता. तो दिसायला आणखी एक पायरी उतरावी लागणार होती.

कोणत्या तोंडाने उतरायचं? ती तिथेच थांबली.

“गेले का गं पाहुणे?” मावशीने हळू आवाजात विचारलं. जणू पाच मिनिटंच झाली होती.

“गेले,” ती म्हणाली. “मावशी, चल वर. चल ना.”

“येते. घाई नको करूस. तू तुझं आवरून घे.”

“आवरलंय सगळं. सासूबाई बोलावतायत.”

“हो का?” मावशीला बरं वाटलेलं आवाजावरून कळलं. पण ती उठली नाही. हात तसेच गुडघ्यावर राहिले. “ये, बस जरा. दमलेली दिसतेस. वाळलीस.”

आणि ती थोडी सरकली. डगल्याचं कापड फरशीवर घासल्याचा आवाज झाला.

त्या सबंध घरात पाच महिन्यांत तिच्यासाठी कोणी सरकून जागा केली नव्हती. तिने मागायलाही हवी होती म्हणा. ती वाकली, एक पायरी उतरली आणि वर न बघता, चेहऱ्याकडे न बघता बसली. फरशी कोमट होती. बाजूच्या खांद्याची ऊब लागली. रडू आलं. तिने ते येऊ दिलं, आणि किती वेळ गेला कळलं नाही.

खालून शीळ आली. नवरा अंडी घेऊन येत होता. अकरा पायऱ्या. तिने त्याच्या चपलांचे आवाज मोजले आणि ठरवलं: आता. आत्याला सांगायचं राहिलं, मुकादम बाईंना सांगायचं राहिलं, पण याच्यापासून सुरुवात. अगदी मोठ्याने.

तो वळणावर आला. ती म्हणाली, “ही माझी मावशी. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला आहे. माझ्याकडे राहायला आलीय.”

स्वच्छ, एका दमात म्हणाली. आवाज जिन्यात घुमला.

नवऱ्याने अंड्यांचं खोकं छातीशी धरलं. अंग आडवं केलं. दोन माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढावी तसा, पाय उचलून, जपून, तो त्यांना ओलांडून वर गेला. शीळ थांबली नाही. खाली बघितलंही नाही.

“ती भेटली का रे खाली?” वरून सासूबाईंचा आवाज.

“कोण? जिन्यात कोणी नाहीये.”

“आत्ता तर गेली. मावशीला आणायला.”

“येईल की मग. दार उघडं कशाला ठेवलंय?”

दार लागलं. ती ताडकन उठायला गेली, पण गुडघे हलले नाहीत. “अहो!” तिने हाक मारली. मग “आई!” म्हणून. मग नुसतंच ओरडली, घसा फाटेपर्यंत.

मावशीचा ओलसर, मऊ हात तिच्या हातावर आला.

“असू दे,” मावशी म्हणाली. “पहिल्या दिवशी मीही फार हाका मारल्या.”